नेपाळी माणूस परवान्याशिवाय गोव्यात कामाला येतो, मग भूतानची सुपारी का येऊ शकत नाही?

सुपारीही येते हो, पण तिला अटी आहेत. माणसाला नाहीत.

आमचं गोव्यात सावईवेऱ्याला कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. आमच्याकडची पोरं बोटीवर नाहीतर हॉटेलात गेली, झाडावर चढून सुपारी पाडणारे पाडेली मिळेनासे झाले. गेली काही वर्षं नेपाळातल्या कैलालीचा एक गडी बायकोमुलांसह बागेतच राहतो. भारत-नेपाळ करार झाला ३१ जुलै १९५० ला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायची, धंदा करायची, ये-जा करायची मुभा दिली. व्हिसा नको, कामाचा परवाना नको. पोफळीवर चढायला तो इथेच शिकला. शेंड्यावरून झोका घेऊन शेजारची पोफळ पकडतो तेव्हा खाली माझ्या पोटात गोळा येतो.

अडचण आली ती नोटांची. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या. पुढच्या दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, गावी निघताना त्याने सगळा हिशोब शंभराच्या नोटांत मागितला. फोंड्यात तीन बँका पालथ्या घातल्या तेव्हा कुठे बंडलं जमली.

आता सुपारी. आयात शुल्क १०० टक्के, वर किमान आयात किंमत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती किलोला २५१ वरून ३५१ रुपये केली. त्याहून स्वस्त माल आणायचाच नाही. पण सप्टेंबर २०२२ मध्ये भूतानला सूट मिळाली: वर्षाला १७,००० टन ओली सुपारी, बंगालमधल्या भूतान सीमेवरच्या जयगावच्या नाक्यावरून, किमान किमतीची अट न लावता. कर्नाटकात केवढी ओरड झाली! मला त्यात फार दम वाटला नाही. ओली सुपारी वाळवून सोलली की जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, आणि आपल्या देशातच दहा लाख टनांहून जास्त पिकते. खरा मार बसतो तो म्यानमारकडून ईशान्येत चोरून उतरणाऱ्या मालाचा. त्याला ना शुल्क, ना ३५१.

यंदा मात्र दशैं होऊन महिना उलटला तरी गडी परतलेला नाही. फोनवर रोज ‘परसों’ म्हणतो. भाव बरा आहे, सुपारी पिकून खाली पडतेय, आणि मी सकाळी टोपली घेऊन वेचत फिरतो.