तारकर्ली-मालवणला दोन दिवस जातोय. स्कूबा सोडून काय पाहावं आणि खरं मालवणी जेवण म्हणजे नक्की काय?

माझं आजोळ मालवणजवळचं, म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी पहाटे उठून किनाऱ्यावर जा. नशिबात असेल तर रापण दिसेल. होडी अर्धगोल फिरून जाळं सोडत जाते आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून माणसं ओढतात. पाच-दहा नाही, अख्खा गट असतो आणि मिळालेल्या मासळीत प्रत्येकाचा वाटा असतो. यांत्रिक बोटींमुळे हल्ली रापणीला पूर्वीइतकी मासळी लागत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दोराला हात लावायचा असेल तर आधी विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात.

ही माणसं मुख्यतः गाबीत, म्हणजे इथला मासेमार समाज. समुद्र त्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या ओळखीचा. त्यांना भेटून मगच सिंधुदुर्ग किल्ल्यावर जा. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पण सगळ्यात जास्त वेळ शिवराजेश्वराच्या देवळात थांबा. महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी आहे. सकाळी रापण ओढणारी माणसं पाहिलेली असली की ती टोपी बघताना अंगावर काटा येतो.

आता जेवण. कोंबडी-वडे जरूर खा, पण ते पाहुण्यांचं, सणाचं जेवण. आम्ही वडे-सागोती म्हणतो. रोजचं म्हणजे उकड्या तांदळाचा भात आणि माशाची कढी. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या आणि धणे गुळगुळीत वाटायचे, आंबटाला सोलं, म्हणजे कोकमं घालायची. बांगडा किंवा तारली असेल तर ठेचलेली तिरफळं, हा कोकणातला वासाचा मसाला, हवीतच. ती चावायची नाहीत, जीभ बधिर होते. फक्त वास उतरू द्यायचा. तिरफळ नसलेलं बांगड्याचं सार मला तरी अपुरं वाटतं.

खानावळीत मेनू बघू नका, सरळ विचारा, "आज काय गावला?" जे ताजं असेल तेच मागवा, सुरमईच हवी असा हट्ट नको. पेडवे, हे छोटे मासेही अप्रतिम लागतात.

जून-जुलैत मात्र जाऊ नका. यांत्रिक मासेमारी बंद असते आणि किल्ल्याच्या होड्याही. निघताना मालवणच्या बाजारातून खाजा घ्या, गूळ आणि आल्याचा. पिशवी एसटीत बसल्याबसल्याच अर्धी होते, म्हणून दोन घ्या.