पासवर्ड कुणालाच माहीत नाही, तरीही रूट?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ आहे आणि वापरणारा मी एकटाच. अपडेट मात्र कधीच केलेले नाहीत. साध्या खात्यातून रूटच्या अधिकाराने प्रोग्राम चालवून देणाऱ्या ‘पीकेएक्झेक’मधला दोष ‘लोकल’ आहे म्हणतात. मग मला कसला धोका?

उत्तर : लोकल म्हणजे समोर खुर्चीत बसलेला माणूस नव्हे. तुमच्या साध्या खात्यातून चालणारा कुठलाही प्रोग्राम लोकलच, मग ती नेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट का असेना. एरवी तिची मजल तुमच्या फायलींपर्यंतच. या दोषामुळे ती पासवर्ड न विचारता रूट, म्हणजे मशीनची सर्वाधिकारी, होते.

सीव्हीई-२०२१-४०३४ (सीव्हीई म्हणजे जाहीर दोषांना दिला जाणारा क्रमांक) हा दोष २००९ पासून पीकेएक्झेकमध्ये होता. क्वालिस या सुरक्षा कंपनीने तो २५ जानेवारी २०२२ला जाहीर केला. चूक अगदी क्षुल्लक आहे. प्रोग्रामला सुरू होताना किमान एक आर्ग्युमेंट (आदेशासोबत दिलेला शब्द) मिळणारच, असे गृहीत धरून पीकेएक्झेक मोजणी १पासून सुरू करतो. आर्ग्युमेंटची यादी मुद्दाम रिकामी दिली, की तो यादीबाहेर जातो आणि मेमरीत लगेच पुढे असलेले पहिले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी सेटिंग) वाचतो, वर त्यावर लिहितोही. सेटयूआयडी प्रोग्राम (कुणीही चालवला तरी फाइलच्या मालकाच्या, इथे रूटच्या, अधिकाराने चालणारा) सुरू होताना काढून टाकलेले ‘जीकॉन्व्ह_पाथ’सारखे, लायब्ररी कुठून घ्यायची हे सांगणारे घातक व्हेरिएबल असे पुन्हा आत शिरते. मग एरर मेसेज छापताना हल्लेखोराची लायब्ररी रूटच्या अधिकाराने लोड होते.

उपाय : पीकेएक्झेक ज्यात येतो ते ‘पॉलिसीकिट-१’ पॅकेज अपडेट करा. रीबूटची गरज नाही. इथे बरेच जण फसतात : अपडेटनंतरही आवृत्ती ०.१०५च दिसते, कारण उबुंटूने दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत घातली आहे. शेपटीचा आकडा पाहा, २०.०४साठी तो ‘२६उबुंटू१.२’ किंवा त्यापुढचा हवा.

अपडेट लगेच जमत नसेल तर ‘सुडो सीएचमॉड ०७५५’ने (सुडो आदेश रूटच्या अधिकाराने चालवतो, सीएचमॉड फाइलच्या परवानग्या बदलतो) पीकेएक्झेकचा सेटयूआयडी बिट काढा. परवानग्या दाखवणाऱ्या ‘एलएस -एल’मध्ये मालकाच्या परवानग्यांत ‘एस’ऐवजी ‘एक्स’ दिसला, की काम झाले. तोवर जीपार्टेडसारखी (डिस्कचे विभाग करणारी) साधने मेनूतून उघडणार नाहीत. सुडो नेहमीसारखे चालेल. लॉगमध्ये काही सापडले नाही म्हणून निर्धास्त राहू नका, माग न ठेवताही हा हल्ला होतो.

प्रश्न : सुडोमधलाही असाच दोष माझ्या मशीनवर आहे का, हे कसे ओळखू?

उत्तर : तो सीव्हीई-२०२१-३१५६. साध्या खात्यातून ‘सुडोएडिट -एस /’ चालवा. उत्तराची सुरुवात ‘सुडोएडिट:’ने झाली तर दोष आहे, ‘यूसेज:’ने झाली तर दुरुस्त झालेला आहे.