वाचकांचे प्रश्न : एकट्या ज्येष्ठांची देखभाल

प्रश्न : आम्ही इंदूरच्या सुदामानगर परिसरातील मराठी मंडळाचे कार्यकर्ते आहोत. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी असल्यामुळे एकट्याने राहणारे ज्येष्ठ आमच्या वस्तीत वाढले आहेत. गणेशोत्सवातील शिल्लक रकमेतून त्यांच्यासाठी व्हीलचेअर, वॉकर व रुग्णांचे पलंग घ्यावेत, असे बहुतेकांचे मत आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : उत्सवातून शिल्लक उरते, हीच मुळात अभिनंदनीय गोष्ट! साहित्य जरूर घ्यावे, परंतु आरंभ त्यापासून करू नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणारे, औषध संपत आल्याचे वेळीच ध्यानात घेणारे आणि ठरल्या दिवशी न चुकता येणारे कोणी नसेल, तर नुसत्या पलंगाने त्याचे हाल फारसे कमी होत नाहीत. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २००१ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या उपशामक सेवेच्या (म्हणजे गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) जाळ्याने माणसांपासूनच सुरुवात केली. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्या सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या पाठीशी डॉक्टर व परिचारिका ठेवल्या आणि खर्चाचा मोठा भाग लहानलहान स्थानिक देणग्यांतून उभा केला.

आपणही प्रत्येक ज्येष्ठाची संमती घेऊन एका घरासाठी दोन कार्यकर्ते नेमावेत, म्हणजे एकाला अडचण आली तरी खंड पडणार नाही. मात्र कोणाचेही एटीएम कार्ड, पासबुक किंवा मुखत्यारपत्र कार्यकर्त्याने स्वीकारू नये. हा नियम पहिल्याच बैठकीत लेखी करावा. नंतर सुचवला, तर तो कोणावर तरी दाखवलेला अविश्वास वाटतो.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते; ज्यांनी कार्ड काढलेले नाही, त्यांना ते काढून देण्यास मदत करावी. ही योजना प्रामुख्याने रुग्णालयातील भरतीसाठी असल्याने डायपर, मलमपट्टी, घरी येणारी परिचारिका हा रोजचा खर्च उरतोच, आणि मंडळाची रक्कम तेथे अधिक उपयोगी पडेल.

मुले सांभाळत नसल्याची तक्रार पुढे आली, तर मंडळाने पंचायत भरवू नये. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार आईवडिलांना निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्याविषयी मार्गदर्शन मिळते. अर्ज करायचा की नाही, हे त्या ज्येष्ठानेच ठरवावे.