अस्थींना नाव कसे मिळते?

प्रश्न : बोस्नियातील स्रेब्रेनिका येथे 1995 सालच्या हत्याकांडात मारल्या गेलेल्यांपैकी काहींचे दफन अजूनही दर वर्षी 11 जुलैला होते, असे वाचनात आले. इतक्या वर्षांनी जमिनीतून निघालेली हाडे नेमकी कोणाची, हे डीएनएवरून कसे ठरवतात? मृतदेह कुजतो तसा डीएनए कुजत नाही का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : डीएनएही नष्ट होतो, मात्र शरीराच्या सर्व भागांत तो सारख्या वेगाने नष्ट होत नाही. मृत्यूनंतर पेशींतील विकरे (एन्झाइम) आणि पाठोपाठ जीवाणू डीएनएच्या लांब साखळीचे तुकडे करू लागतात. उष्ण आणि दमट हवेत रक्त व स्नायू काही दिवसांतच निरुपयोगी होऊ शकतात. हाडातल्या पेशी मात्र खनिजाच्या कठीण वेष्टनात बंदिस्त असतात आणि डीएनए त्या खनिजाला चिकटून राहतो. म्हणून कुजलेल्या मृतदेहाच्या बाबतीत मांडीच्या हाडाचा भरीव भाग किंवा न किडलेली दाढ यांना पहिली पसंती असते.

प्रयोगशाळेत हाडाचा वरचा थर घासून काढतात, कारण त्यावर माती, जीवाणू आणि हाताळणाऱ्यांचाही डीएनए असतो. मग हाडाची भुकटी करून रसायनांनी खनिज विरघळवतात आणि मोकळा झालेला डीएनए शुद्ध करतात. मातीतील ह्युमिक आम्ल डीएनएसोबत राहिले, तर डीएनएच्या प्रती वाढवण्याची पुढची प्रक्रियाच अडते. त्यामुळे शुद्धीकरणाच्या या टप्प्यावर बरेच काही अवलंबून असते. डीएनएच्या साखळीतील रासायनिक घटकांना ‘अक्षरे’ म्हणतात. आपल्या डीएनएत काही ठिकाणी चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा लागोपाठ अनेकदा येतो, कोणात 11 वेळा, कोणात 14 वेळा. अशा प्रत्येक ठिकाणी आपल्याजवळ दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. स्रेब्रेनिकाच्या कामात अशी 15 ठिकाणे आणि सोबत लिंग दाखवणारी एक खूण तपासली गेली.

परंतु हाडातून मिळते ती केवळ आकड्यांची मालिका, तीत नाव नसते. मृताचा डीएनए हयातीत कोठे नोंदवलेला नसेल, तर ती मालिका कोणाशी तरी ताडून पाहावी लागते, आणि येथेच हयात असलेल्या नातेवाइकांचे रक्त लागते. 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल कमिशन ऑन मिसिंग पर्सन्स’ या संस्थेने हेच काम हाती घेतले. कपडे, खिशातल्या वस्तू आणि जुन्या जखमा यांवरून थोड्याच जणांची ओळख पटत होती. म्हणून संस्थेने बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, आणि 2001 पासून डीएनए हा ओळखीचा मुख्य आधार झाला. जुळणीची संभाव्यता किमान 99.95 टक्के असल्याशिवाय अहवाल द्यायचा नाही, असा दंडक ठेवण्यात आला. आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे मारले गेले होते. त्यांपैकी सुमारे 7,000 जणांची ओळख आतापर्यंत पटली आहे.

हे काम इतकी वर्षे चालू राहण्याचे कारण फार क्रूर आहे. हत्याकांडानंतर काही आठवड्यांनी, गुन्हा लपवण्यासाठी मूळ सामूहिक कबरी यंत्रांनी उकरण्यात आल्या आणि अवशेष मालमोटारींतून दूरच्या खड्ड्यांत नेऊन टाकण्यात आले. त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन, तीन किंवा त्याहूनही अधिक ठिकाणी सापडतात आणि जवळजवळ प्रत्येक सुट्या हाडाची स्वतंत्र तपासणी करावी लागते. मोजकीच हाडे सापडली असताना दफन करायचे की उरलेली मिळेपर्यंत थांबायचे, हा निर्णय कुटुंबावर येऊन पडतो. दफनानंतर आणखी हाडे सापडल्याने स्रेब्रेनिकाजवळच्या पोतोचारी येथील स्मशानभूमीतील कबरी पुन्हा उघडाव्या लागल्याचेही घडले आहे. कोणत्याही आईला असे विचारावे लागू नये, असे मला मनापासून वाटते. तरीही तिला न विचारता ठरवणे त्याहून वाईट ठरले असते.

आणखी एक अडचण अशी, की अनेक घरांतील दोन-तीन सख्खे भाऊ एकाच वेळी मारले गेले. आई-वडिलांच्या रक्तावरून ‘हा यांचा मुलगा’ एवढे सिद्ध होते, पण कोणता मुलगा ते कळत नाही. भावांपैकी एकाला अपत्य असेल, तर त्या अपत्याचे आणि त्याच्या आईचे रक्त तपासून उलगडा होतो. सगळेच अविवाहित असतील, तर हाडांवरून काढलेले वय, उंची आणि दातांची स्थिती यांचा आधार घ्यावा लागतो. ‘डीएनएने सगळे कळते’ असे आपण सहज म्हणतो, पण अशा घरांपुढे डीएनए एकटा पुरा पडत नाही.

प्रश्न : माझा आतेभाऊ चार वर्षांपासून बेपत्ता आहे. त्याचे आई-वडील हयात नाहीत. भावंडे, मुलेबाळे नाहीत. कोणाचे रक्त उपयोगी पडेल? – एक वाचक, अमरावती

उत्तर : तुमच्यापेक्षा तुमच्या वडिलांचे. पेशीतील तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक) वेगळा, सुमारे 16,569 अक्षरांचा छोटा डीएनए असतो. एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असल्याने फार खराब झालेल्या हाडांतूनही तो पुष्कळदा मिळतो, आणि तो फक्त आईकडून अपत्यांना जातो. तुमचे वडील आणि तुमची आत्या एकाच आईची मुले असतील, तर दोघांचा हा डीएनए एकच, आणि आत्याचा तो तुमच्या आतेभावात आला. वडिलांचा मात्र तुमच्यात आला नाही. तुमच्यात तुमच्या आईचा आहे. म्हणजे मामा चालतो, मावशी चालते, मावशीची मुले चालतात, मामाची मुले चालत नाहीत. दुसऱ्या बाजूने वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जाते, म्हणून आतेभावाचे सख्खे काका किंवा त्या काकांचे मुलगे यांचाही नमुना द्यावा. या दोन्ही चाचण्या एखादा मृतदेह त्याचा नाही, हे ठामपणे सांगू शकतात. परंतु तो त्याचाच आहे, हे एकट्या चाचणीवरून म्हणता येत नाही, कारण त्या वंशरेषेतील सर्वांची खूण सारखीच असते. त्याचा दात घासायचा ब्रश किंवा दाढीचे सामान कोणी जपून ठेवले असेल, तर ते धुऊ नका, कागदी पाकिटात कोरडे ठेवा. थेट त्याच्याशीच जुळणी होऊ शकली, तर तिच्याइतका चांगला पुरावा नाही.

बेपत्ता नोंद असलेल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करून, अनोळखी मृतदेहांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदींशी पडताळणी करण्याची आणि नातेवाइकांचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी करा. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्या डीएनए नोंदींचा राष्ट्रीय संग्रह उभारण्याची तरतूद असलेले विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि 2023 मध्ये मागे घेण्यात आले. त्यात व्यक्तीच्या खासगीपणाबाबत घेतलेले आक्षेप रास्त होते; पण निदान स्वखुशीने रक्त देणाऱ्या नातेवाइकांसाठी तरी अशी सोय व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. तोवर पडताळणी ठाण्याठाण्यांतील नोंदींवर अवलंबून राहते, आणि अनोळखी देहाच्या अंत्यविधीपूर्वी दात किंवा हाडाचा तुकडा, फॉर्मलिनमध्ये (अवयव टिकवण्याच्या द्रावणात) न बुडवता, राखून ठेवला असेल तरच ती पुढे जाऊ शकते. अर्जात हे स्पष्टपणे विचारा, आणि तुमच्या वडिलांचे वय झाले असल्यास त्यांचा नमुना आधी देण्याचा आग्रह धरा.