एमएस्सीला पहिल्यांदा रिअल अ‍ॅनालिसिस: डेल्टा कधी निवडायचा?

तुम्ही लिहिलंय, पहिल्यांदाच एमएस्सीला रिअल अ‍ॅनालिसिस शिकवताय, तासाला सगळे माना डोलावतात आणि चाचणीत पानं कोरी. वाचून माझं पहिलं सत्रच डोळ्यांपुढे आलं. नोट्स कशा काढायच्या वगैरे तुम्हाला सांगायला नको. मला सगळ्यात महाग पडलं तेवढंच सांगते.

सातत्य आणि एकसमान सातत्य मी एकाच तासात उरकलं. दोन्ही व्याख्या शेजारी शेजारी लिहिल्या, प्रमेय सिद्ध केलं, पुढे गेले. चाचणीत विचारलं, एक्सचा वर्ग हे फंक्शन संपूर्ण वास्तव रेषेवर एकसमान सतत नाही, दाखवा. बहुतेकांनी ते सतत आहे हेच सिद्ध करून ठेवलं होतं! डेल्टा, म्हणजे एक्सला किती हलू द्यायचं ते अंतर, बिंदू पाहून निवडायचा (सातत्य) की बिंदू कळायच्या आधीच (एकसमान सातत्य), सगळा फरक इथे आहे, आणि तो मी तोंडाने एकदाही बोलले नव्हते.

पुढच्या तासाला खडू मुलांच्या हातात दिला. १००० आणि १०००.००१ यांचे वर्ग काढायला लावले. संख्यांत अंतर एक सहस्रांश, वर्गांत दोनहून जास्त. मग १०,००० आणि १०,०००.०००१. अंतर आणखी घटलं, वर्गांतला फरक पुन्हा दोनच्या वरच. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे डेल्टा कितीही लहान घेतला तरी पुढे कुठेतरी तो पुरत नाही ना?" तिथून मुलं बोलायला लागली.

हीच गल्लत श्रेणींच्या अभिसरणात, म्हणजे बेरीज एका किमतीकडे जाण्यात, ते साधं की एकसमान यावरून होते. सतत फंक्शनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज सततच असते, असं फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२१ मध्ये लिहिलं. नॉर्वेच्या आबेलने १८२६ मध्ये अपवाद दाखवला. हे मुलांना जरूर सांगा, चुकण्याची भीती कमी होते.

आठवड्याला दोन जादा ट्युटोरियल मागायला गेले तर कार्यालयाने सांगितलं, वर्कलोडमध्ये बसत नाही. सिद्धता लिहायला शिकणं हे आमच्या विषयाचं प्रॅक्टिकलच आहे हो! मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते, शनिवार बिनपगारी घेतले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझा वर्ग वीस-बावीस जणांचा होता, साठांच्या वर्गात हे कितपत जमेल सांगता येत नाही. पण सिलॅबस आठवडाभर मागे पडला तरी पडू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हो, तासाची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. त्या दिवशीच्या व्याख्येचा नकार, म्हणजे ती लागू होत नाही असं म्हणायला नेमकं काय लिहायचं ते, अर्ध्या कागदावर लिहून घ्या, नाव न घालता. मी ते कागद रात्री वाचायचे आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यावरून ठरवायचे.