दोर गुंडाळायचा कसा, ठेवायचा कुठे?

प्रश्न : सारंगकाका, माझी 8 मीटरची फायबरची बोट आहे. मालवण जेटीवरून पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेतो. बोट बांधायचे चार दोर नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, ढिगानं पडलेले असतात, जेटी जवळ आली की गुंता सुटत नाही. गेल्या महिन्यात निळा दोर पाण्यात पडून इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला गेला. सोबत फोटो पाठवलाय. दोर नीट ठेवायचे कसे?
(एक वाचक, मालवण)

उत्तर : फोटो मोठा करून पाहिला. गुंत्याच्या आधी मला दुसरंच दिसलं. ढिगाला लागून एक लहान मुलगी बसलीय आणि दोराचा एक वेढा तिच्या चपलेभोवती आहे. मी 22 वर्षं जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होतो. असल्याच उघड्या वेढ्यात पाय ठेवून आमच्या गावच्या 19 वर्षांच्या खलाशाचा घोटा मोडला. दोर ताणला तेव्हा ओरडायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. म्हणून आजच्या आज कर बाबा : पर्यटक बसतात तिथून दोर हलव.

आता गुंता. तुझा पांढरा दोर तीन पेडांचा आहे. असे दोर बहुतेक उजव्या पिळाचे असतात, त्यामुळे वेटोळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घालायची. उलटी घातलीस की पीळ सुटू पाहतो, दोराला अढ्या पडतात. बोटीला बांधलेल्या टोकापासून सुरू कर आणि मोकळ्या टोकाकडे ये, म्हणजे जादा पीळ त्या टोकातून निघून जातो. दर वेढ्याला अंगठ्यानं दोराला अर्धा पीळ दे. वेटोळं कसं सपाट पडतं ते हातालाच कळेल. शेवटचा दोनेक हात दोर वेटोळ्याच्या गळ्याभोवती तीनदा आवळून गुंडाळ, उरलेलं टोक दुमडून वरच्या फटीतून ओव आणि त्या फाशानं टांग. काळ्या दोराची वीण वेणीसारखी आहे. तो मात्र गोल गुंडाळू नकोस, इंग्रजी आठाच्या आकारात घाल. त्याला मुळात पीळ नसतो, गोल गुंडाळून आपणच तो भरतो.

पुढचे दोन दोर पुढे, मागचे दोन मागे. काठाच्या आतल्या बाजूला खुंट्या मारून त्यांवर टांग. ते जमत नसेल तर मासळीचा जाळीदार क्रेट घे, एका क्रेटात एकच दोर. बंद पेटीत ओला दोर कोंडू नकोस, आणि बॅटरीजवळ तर मुळीच नको. बॅटरीचं अ‍ॅसिड नायलॉन खातं. जहाजावर 'आरिया', म्हणजे 'सोड', म्हटलं की दोर त्याच क्षणी सुटला पाहिजे, अशी आमची शिस्त होती. अंधारात हात घातला तरी हवा तो दोर हाती आला पाहिजे.

निळा दोर पॉलिप्रोपिलीनचा आहे. तो पाण्यावर तरंगतो, म्हणून पंख्याला सहज सापडला. शिवाय उन्हानं त्याचे तंतू कडक होतात. फोटोत त्यावर कुसळं उभी दिसताहेत, हाताला टोचत असणार. त्याच्यावर बोट बांधू नकोस. तुझ्या बोटीला 12 मिलिमीटरचा नायलॉन पुरे. तो ताणला जातो, लाटेचा हिसका अंगावर घेतो आणि पाण्यात बुडतो. तरीही मशीन पुढे घालण्याआधी चारही टोकं बोटीत आली का ते स्वतः पाहायचं, पोऱ्यावर सोडायचं नाही.

लांबी कापताना भरती-ओहोटी धर. मालवणला उधाणाला दोनेक मीटर पाणी चढतं-उतरतं. आखूड दोरावर बोट ओहोटीला लोंबकळेल. जेटीच्या कडेला दोर घासतो तिथे जुन्या पाइपाचा हातभर तुकडा ओवून ठेव.

आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळव, नाहीतर मिठाचे खडे आतून तंतू कापत राहतात. पावसाळ्यात धंदा बंद असतो, तेव्हा दोर घरी आणून पडवीत उंच टांग. जमिनीवर ठेवलेस तर उंदीर कुरतडतील. सगळे एकदम घेणं परवडत नसेल तर आधी तो निळा बदल.