आधी भांडे वाच, नाटक नंतर

सप्रेम आशीर्वाद.

प्राचीन ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांबद्दलची तुझी टिपणे वाचली. मद्याचा आणि नाटकाचा देव डायोनायसस दिसला की नाटक, त्याचा अर्धा माणूस अर्धा पशू असा साथीदार सॅटर दिसला की नाटक. मग पुराणकथा कुठे संपली आणि रंगमंच कुठे सुरू झाला, हे कळेनासे होणारच. तू नाव आधी देतोस आणि पुरावा मागून शोधतोस. आधी भांडे वाच.

मनगट आणि घोटा बघ. तिथे आडवी रेघ असेल, हातापायांवर सुरकुत्या असतील, तर ती कातडी नाही, अंगाला चिकटलेला पोशाख आहे. मग पोटावरची गादी, लोंबणारे चामडी लिंग, मुखवट्याचे वासलेले तोंड, लाकडी मंच आणि पायऱ्या. दक्षिण इटलीतल्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या विनोदी नाटके रंगवलेल्या भांड्यांवर हे सगळे उघड मांडलेले असते. शोकांतिकेच्या चित्रात चित्रकार मुखवटा गाळतो आणि थेट कथेतला माणूस रंगवतो. उरतात भरजरी बाह्या आणि उंच बूट. तेवढ्यावर ‘अमुक नाटकाचा तमुक प्रवेश’ म्हणणे मला मान्य नाही. यासाठी मला कोरडा म्हणतात, म्हणोत. घाईच्या नावांखाली किती चांगली चित्रे न पाहताच राहिली!

नेपल्सच्या संग्रहालयातले इ.स.पू. 400 च्या सुमाराचे प्रोनोमोसचे भांडे घे. सॅटरांच्या वृंदातले तरुण केसाळ चड्ड्या घालून, मुखवटे हातात धरून आहेत, कित्येकांशेजारी नावे लिहिली आहेत. प्रोनोमोस आऊलोस वाजवतो आहे. सनईसारखे पत्तीचे वाद्य, पण नळ्या दोन. एकानेच मुखवटा चढवला आहे आणि तो नाचतो आहे. इथे नट आहेत यात शंका नाही. तरीही नाटक कोणते, ते हे भांडे सांगत नाही.

नाव कधी द्यावे? जर्मनीतल्या व्ह्यूर्त्सबुर्गच्या क्रेटरवर, म्हणजे मद्यात पाणी मिसळायच्या मोठ्या भांड्यावर, सुमारे इ.स.पू. 370, वेदीवर गुडघा टेकलेला माणूस तलवारीने मद्याची पखाल कापायला निघाला आहे. पखालीला बूट आहेत, बाई ‘रक्त’ धरायला भांडे घेऊन येते आहे. ग्रीक विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. 411 सालच्या ‘थेस्मोफोरियाझूसाय’ नाटकामध्ये बूटही आहेत आणि भांडेही. असे बारकावे जुळले की खुशाल नाव दे.

आणि एका फोटोवर विसंबू नकोस. फुगवट्यामुळे कडेच्या आकृती आखडतात. मागच्या बाजूचा फोटोही माग. तिथे बहुधा अंगरखे पांघरलेले तरुणच असतील, तरी नोंद कर. जुन्या डागडुजीत तुकड्यांमधल्या फटी रंगवून बुजवत. म्हणून आधी तडे आखून घे. मुखवटा नेमका बुजवलेल्या जागी असेल, तर तो पुराव्यातून काढ.

पुढच्या टिपणात नाटकाचे नाव शेवटच्या ओळीत लिही. पुरावा पुरला नाही, तर ती ओळ कोरी ठेवून पाठव.